सिंक्लेअरचे १९० गोल खरंच ‘सोपे’ आहेत का? पुतणीला काय सांगू?

नाशिकरोडचा_काका

नमस्कार मंडळी. माझी पुतणी नववीत आहे, फॉरवर्ड खेळते, क्लास सुटला की सायकल काढून थेट ग्राउंडवर. आपल्याकडे नाशकात मुलगी फुटबॉल खेळते म्हटलं की अजूनही लोक म्हणतात पळायचंच आहे तर कविता राऊतसारखी पळ ना, निदान नाव तरी होईल, पण हिला गोलच मारायचेत.

तर झालं असं की ग्राउंडवरच्या पोरांशी तिचा वाद झाला. पोरं म्हणाली देशासाठी सगळ्यात जास्त गोल रोनाल्डोचे, ही म्हणाली नाही, कॅनडाच्या क्रिस्टीन सिंक्लेअरचे, १९०. त्यावर पोरं म्हणाली बायकांचे धरत नाहीत, दुबळ्या टीमसमोर मारलेले सोपे गोल असतात ते. तेव्हापासून पोरगी घुश्शात आहे आणि मला विचारतेय काका खरंच का हो. मी क्रिकेटवाला माणूस, मला काय सांगणार. ज्यांना माहिती आहे त्यांनी जरा नीट सांगा, नुसते आकडे नकोत, तिचं करिअर कसं झालं ते सांगा. आणि तिला बघायला एखादी मॅच सुचवा.

---

फर्स्ट_टच

काका, पुतणीला सांगा तिचा आकडा बरोबर आहे. ३३१ मॅच, १९० गोल. रोनाल्डो १४०च्या पुढे आहे, पुरुषांमध्ये तोच पहिला, पण पुरुष-महिला मिळून बघितलं तर सिंक्लेअरच्या वर कोणीच नाही.

आता सोपे गोल. मी मुलींना शिकवतो म्हणून हा प्रश्न मला कायम येतो आणि दरवेळी मी २०११च्या वर्ल्डकपची पहिली मॅच सांगतो. बर्लिन, समोर जर्मनी, म्हणजे यजमान आणि लागोपाठ दोन वेळा वर्ल्ड चॅम्पियन. आधीच्या २००७च्या पूर्ण वर्ल्डकपमध्ये जर्मनीने एकही गोल खाल्ला नव्हता, एकही नाही. या मॅचमध्ये सिंक्लेअरला कोपर लागलं, नाक मोडलं. नाक जागेवर नाही अशा अवस्थेत ती परत आत गेली आणि ८२व्या मिनिटाला फ्री किक अशी मारली की भिंतीवरून वळून आत. कॅनडा २-१ हरली, पुढच्या दोन्ही मॅच पण हरली आणि स्पर्धेत शेवटची आली, पण तो गोल सोपा म्हणणाऱ्याने आधी तो बघावा आणि मग बोलावं.

सुरुवात तर त्याच्याही खूप आधीची. मार्च २०००, पोर्तुगालमधला अल्गार्व्ह कप, वय १६, म्हणजे तुमच्या पुतणीपेक्षा एखाद-दोन वर्षांनीच मोठी. पहिल्याच स्पर्धेत ३ गोल. मग २००२ला अंडर-१९चा पहिला वर्ल्डकप कॅनडातच झाला, तिथे हिने १० गोल मारले, सर्वोत्तम खेळाडू हीच आणि टॉप स्कोअरर पण हीच. फायनल अमेरिकेकडून हरले पण एडमंटनला ती फायनल बघायला ४७ हजारांवर लोक आले होते, मुलींची मॅच, तीही १९ वर्षांखालच्यांची! तिथून पुढे २०२३पर्यंत सहा वर्ल्डकप खेळली, त्यातल्या पहिल्या पाचमध्ये गोल आहे. पाच वेगवेगळ्या वर्ल्डकपमध्ये गोल करणाऱ्या बायका दोनच, ब्राझीलची मार्ता आणि ही.

२००३ ते २०१९, सोळा वर्षं. फॉरवर्डचं आयुष्य वेगावर असतं आणि वेग तर पंचविशीनंतर उतरायलाच लागतो, मग सोळा वर्षं गोल करायचे म्हणजे खेळायची पद्धत मध्येच बदलावी लागते. तिने ती बदलली. आधी डिफेन्सच्या मागे पळणारी नऊ नंबर, म्हणजे सगळ्यात पुढची स्ट्रायकर होती, नंतर नंतर खाली येऊन बॉल घेणारी, दुसऱ्यांना खेळवणारी झाली. मला तिच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर याच गोष्टीचा आहे, १९०चा नाही.

---

हिशोब_पक्का

पोरांची बाजू पण थोडी मांडतो, कारण त्यांचं सगळंच चूक नाही. कॅनडा ज्या विभागात खेळते तिथे अमेरिका आणि मेक्सिको सोडले तर बऱ्याच टीम छोट्या बेटांच्या आहेत. ज्या मॅचमध्ये तिने अमेरिकेच्या अॅबी वॉम्बॅकचा १८४ गोलांचा रेकॉर्ड मोडला, २९ जानेवारी २०२०, ती सेंट किट्स अँड नेव्हिसविरुद्ध होती आणि स्कोअर होता ११-०. आणि मॅचेसही जास्त आहेत, दर मॅचमागे काढलं तर साधारण ०.५७ येतात, रोनाल्डो थोडा पुढे आहे.

पण मग तोच नियम सगळ्यांना लावा ना. रोनाल्डोने सगळ्यात जास्त गोल कोणाविरुद्ध मारलेत, तर लक्झेंबर्ग. युरोपच्या क्वालिफायरमध्ये पण लिथुआनिया, अँडोरा असतातच. सगळ्याच मोठ्या आकड्यांमध्ये असे गोल असतात, पुरुष असो की बाई. त्यामुळे दुबळ्या टीम हे कारण एकट्या सिंक्लेअरला लावणं मला पटत नाही.

---

देवळालीचा_स्टॉपर

वरच्या दादांनी ३३१ मॅचेस जास्त आहेत म्हटलं त्यावर बोलतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

रोनाल्डोच्या मागे क्लब होते, मँचेस्टर, माद्रिद, पगार, डॉक्टर, सगळं. देशाकडून खेळणं म्हणजे क्लबमधून सुट्टी मिळाली की जायचं. सिंक्लेअरच्या पिढीतल्या बायकांचं उलटं होतं. अमेरिकेत त्यांची पहिली प्रोफेशनल लीग २००३ला बंद पडली. दुसरी २००९ला सुरू झाली, सिंक्लेअर तिथे २०१०ला चॅम्पियन झाली तर चॅम्पियन क्लबच बंद! मग दुसऱ्या क्लबकडून २०११ला परत चॅम्पियन आणि २०१२ला अख्खी लीगच गुंडाळली. विचार करा, तुम्ही ट्रॉफी उचलता आणि पुढच्या सीझनला टीमच नाही. त्यामुळे या बायकांसाठी नॅशनल टीम हीच नोकरी होती, तेच कॅम्प, तीच कमाई. मॅचेस जास्त झाल्या त्या म्हणून. २०१३ला तिसरी लीग आली तेव्हा सुद्धा नॅशनल टीमच्या मुलींचे पगार त्यांच्या फेडरेशन भरत होत्या, मग कुठे ती टिकली. सिंक्लेअर तिथे पोर्टलंडकडून शेवटपर्यंत खेळली, तीन वेळा चॅम्पियन.

आणि इतकं करूनही २०२३ला, म्हणजे ऑलिम्पिक गोल्ड मिळाल्यानंतर, कॅनडाच्या मुलींना पैशासाठी आणि सोयींसाठी संपावर जायची वेळ आली. सिंक्लेअर स्वतः तिथल्या संसदेच्या समितीसमोर जाऊन बोलली. ३९ वर्षांची कॅप्टन, जगात सगळ्यात जास्त गोल नावावर, आणि ती सांगतेय की आम्हाला पुरुषांच्या बरोबरीने वागवा. हे पण पुतणीला सांगा, तिला कळण्याएवढी ती मोठी आहे.

---

पंचवटीची_नऊ_नंबर

काका मी स्वतः स्ट्रायकर, स्टेटपर्यंत खेळलेय, आता नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी लहान मुलींसोबत खेळते. तुमच्या पुतणीचा घुस्सा मला अगदी आतून कळला.

सिंक्लेअरचं सगळ्यांनी लिहिलंच आहे, मी आपल्या बाला देवीचं सांगते. न्गांगोम बाला देवी, मणिपूरची, मणिपूर पोलिसात नोकरी. भारताकडून महिलांमध्ये सगळ्यात जास्त गोल तिचे. ऑक्टोबर २०२४ला काठमांडूत सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई स्पर्धेत पाकिस्तानविरुद्ध ५-२ जिंकलो त्यात तिने पन्नासावा मारला. जानेवारी २०२०मध्ये ती ग्लासगोच्या रेंजर्सला गेली, युरोपात प्रोफेशनल करार मिळवणारी पहिली भारतीय बाई, आणि त्याच डिसेंबरला मदरवेलविरुद्ध तिथला पहिला गोल. पुढे गुडघा गेला, आणि २०२२ला आशियाई कप आपल्याकडे मुंबई-पुण्यात झाला तेव्हा ती टीममध्ये नव्हती. तो कप पण कसा गेला, इराणशी ०-० आणि मग कोविडमुळे दुसऱ्या मॅचला टीमच उभी राहिली नाही, बाहेर. मला ते आठवलं तरी अजून वाईट वाटतं.

आता बघा, सिंक्लेअर २००० साली सुरू झाली, बाला देवी पण साधारण त्याच दशकात आली, मग एकीच्या ३३१ मॅच आणि दुसरीच्या त्याच्या पाव भागाएवढ्याही नाहीत. हा काही टॅलेंटचा फरक नाही. आपली महिला टीम मध्यंतरी इतक्या कमी मॅच खेळायची की फिफाच्या रँकिंगमधूनच नाव गेलं होतं. फॉरवर्डला मॅच लागते. प्रॅक्टिसमध्ये हजार वेळा पोस्टच्या कोपऱ्यात मारा, मॅचमध्ये डिफेंडर अंगावर आली, गोलकीपर पुढे आली की तुमच्याकडे जो अर्धा सेकंद असतो ना तो फक्त मॅच खेळूनच ओळखीचा होतो. मी ज्या वयात सगळ्यात जास्त शिकले असते त्या वयात आमच्या वाट्याला वर्षातून एखादी स्पर्धा यायची, ती संपली की परत कॉलेजच्या मुलांमध्ये घुसून खेळायचं.

आता बदलतंय पण. इंडियन विमेन्स लीग सुरू झाली. सिनियर नॅशनलला राजमाता जिजाबाई ट्रॉफी असं नाव आहे, आपल्या मुलींनी त्या ट्रॉफीचं स्वप्न बघायलाच पाहिजे. पंजाबची मनीषा कल्याण, तिने २०२१ला मनौसला ब्राझीलविरुद्ध गोल मारला, आठव्या मिनिटाला, डावीकडून एकटी बॉल घेऊन गेली आणि दूरच्या पोस्टला मारला. आपण ६-१ हरलो पण त्या गोलनंतर ती सायप्रसच्या क्लबकडे गेली आणि युरोपची चॅम्पियन्स लीग खेळणारी पहिली भारतीय ठरली. आणि जुलै २०२५ला चियांग मायमध्ये थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवून भारत २०२६च्या आशियाई कपला पात्र ठरला, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. मी तेव्हा घरात एवढी ओरडले की शेजारच्या काकू विचारायला आल्या काय झालं म्हणून.

अजून एक, २०२२चा अंडर-१७ वर्ल्डकप फायनल नवी मुंबईत होता, आम्ही काही जणी गाडी करून कसारा घाट उतरून गेलो होतो. कोलंबियाची लिंडा काइसेडो खेळत होती, १७ वर्षांची. त्याच वर्षी ती सिनियर कोपा अमेरिका खेळली, मग अंडर-२० वर्ल्डकप, मग हा. स्पेनने १-० जिंकलं, पण माझं लक्ष तिच्याकडेच होतं. बॉल यायच्या आधी दोनदा मान वळवून मागे बघायची, डिफेंडर कुठे आहे ते. दरवेळी. पुढच्या वर्षी हीच मुलगी सिनियर वर्ल्डकपमध्ये जर्मनीला गोल मारताना टीव्हीवर दिसली. पंधराव्या वर्षी कॅन्सरमधून उठलेली मुलगी आहे ती. पुतणीला हिचं पण नाव सांगा, तिच्या वयाला जवळची वाटेल.

---

नाशिकरोडचा_काका

ताई, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जेवताना पुतणीला वाचून दाखवलं, तर वहिनी पण हातातलं काम ठेवून ऐकत बसल्या. पुतणीचा लगेच प्रश्न, नाक मोडल्यावर श्वास कसा घेतला असेल. आता तिला मॅच बघायची आहे, आख्खी, हायलाइट नाही. कोणती लावू?

---

फर्स्ट_टच

दोन लावा काका, याच क्रमाने.

पहिली २०१२ लंडन ऑलिम्पिकची सेमीफायनल, ओल्ड ट्रॅफर्ड, कॅनडा विरुद्ध अमेरिका. सिंक्लेअरची हॅटट्रिक आहे. तीन वेळा हिने कॅनडाला पुढे नेलं आणि तीनदा अमेरिकेने बरोबरी केली, शेवटची तर अशी की कॅनडाच्या गोलकीपरने बॉल जास्त वेळ हातात धरला म्हणून रेफरीने फ्री किक दिली, मॅचमध्ये सहसा कोणी देत नाही तो निर्णय, त्यातून हँडबॉल, त्यातून पेनल्टी. मग १२३व्या मिनिटाला अमेरिकेच्या अॅलेक्स मॉर्गनचा हेडर, ४-३. सिंक्लेअर रेफरीबद्दल बोलली आणि त्यासाठी तिला चार मॅचची बंदी बसली. पण तीनच दिवसांनी फ्रान्सला हरवून ब्राँझ घेतलं आणि स्पर्धेत सगळ्यात जास्त गोल हिचेच, ६. पोरांना सांगा, ऑलिम्पिक सेमीफायनलमध्ये अमेरिकेला तीन गोल, यातला सोपा कुठला ते दाखवा. पुतणीला दुसरा आणि तिसरा गोल थांबवून थांबवून दाखवा, दोन्ही हेडर आहेत. बॉल हवेत असताना ती आधी डिफेंडरपासून लांब सरकते आणि मग आत येते. आपल्याकडच्या मुली बॉलच्या खाली जाऊन उभ्या राहतात, तिथेच चुकतं.

दुसरी टोकियोची फायनल, २०२१, स्वीडनविरुद्ध. यात तिचा गोल नाहीये. वय ३८. कॅनडा एक गोलने मागे, ही बॉक्समध्ये बॉलवर आधी पोचली, डिफेंडरने पाडलं, पेनल्टी मिळाली. मारली जेसी फ्लेमिंगने, हिने नाही. सेमीफायनलला अमेरिकेविरुद्धची पण फ्लेमिंगनेच मारली होती. जगातली सगळ्यात जास्त गोल करणारी बाई मैदानात असताना पेनल्टी दुसरीला देते, कारण त्याच स्पर्धेत ब्राझीलविरुद्ध शूटआउटला हिची अडली होती आणि फ्लेमिंगची बसत होती. ८६व्या मिनिटाला हिला बाहेर काढलं, शूटआउट बाहेरूनच बघितला, आणि कॅनडाला गोल्ड.

बघताना तिला एकच सांगा, पहिली दहा मिनिटं बॉलकडे बघायचंच नाही, फक्त बारा नंबरकडे, म्हणजे सिंक्लेअरकडे बघायचं. बॉल लांब असताना ती काय करते ते.

---

पंचवटीची_नऊ_नंबर

+१, दोन्हीला.

काका, पुतणीला रविवारी सकाळी हिरावाडीच्या स्टेडियमकडे पाठवा किंवा तुम्हीच घेऊन या, आम्ही सातच्या आत सुरू करतो. मुली कमी पडतात म्हणून पाच-पाचच्याच टीम करतो, त्यामुळे फॉरवर्डला बॉल भरपूर मिळतो. शिन गार्ड नक्की आणायला सांगा, नसतील तर माझ्याकडे एक जास्तीची जोडी आहे. तुमचा मेसेज आला की कुठल्या गेटला थांबायचं ते कळवते.