मदत हवी आहे: रात्री नेट बंद केलं तरी मुलाचा फोन चालूच

मुलगा १४ वर्षांचा, स्वतःचा अँड्रॉइड फोन. राउटरमध्ये त्याच्या फोनचा मॅक अॅड्रेस (नेटवर्कवर उपकरण ओळखायचा पत्ता) घालून रात्री १०:३० ते सकाळी ६ नेट बंद केलं आहे. शिवाय फॅमिली लिंकमध्ये (मुलांच्या फोनवर मर्यादा घालायचं गूगलचं अॅप) यूट्यूबला १ तास, इन्स्टाग्रामला अर्धा तास. तरीही रात्री दीडपर्यंत फोन चालू असतो आणि राउटरच्या यादीत त्या वेळी एक अनोळखी डिव्हाइस दिसतं. सकाळी उठता उठत नाही, वर्गात पेंगतो. गळती नेमकी कुठे आहे? आणि त्याचे सगळे मेसेज आम्हाला दिसतील असं अॅप गुपचूप टाकावं, असं घरात काहींचं म्हणणं आहे. टाकावं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ते अनोळखी डिव्हाइस बहुतेक त्याचाच फोन आहे. अँड्रॉइड १० पासून फोन वायफायला खरा मॅक अॅड्रेस देत नाही, त्या नेटवर्कपुरता बनवलेला एक पत्ता देतो. (आयफोनमध्ये हे आयओएस १४ पासून आलं.) वायफायच्या सेटिंगमध्ये त्या नेटवर्कच्या तपशिलात गेलं की प्रायव्हसीखाली खरा मॅक की रँडम मॅक, असा पर्याय असतो. तो बदलला की पत्ता बदलतो आणि राउटर जुन्याच पत्त्याला अडवत बसतो.

म्हणून एकेका पत्त्याच्या मागे लागू नका. राउटरवर गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळ्या नावाचं वायफाय) सुरू करा, मुलाची सगळी उपकरणं त्यावर घ्या आणि वेळेचं बंधन त्या अख्ख्या नेटवर्कला लावा. ही सोय नसेल तर उलटी यादी करा: ओळखीच्या पत्त्यांनाच प्रवेश, बाकी सगळे बाहेर. मुख्य वायफायचा पासवर्ड बदला, राउटरच्या अॅडमिनचा, म्हणजे सेटिंग उघडायचाही बदला. तो पुष्कळदा राउटरखालच्या स्टिकरवर छापलेलाच राहून जातो. घरातल्या कुणाच्याही फोनवरचा क्यूआर कोड स्कॅन करून वायफाय जोडता येतं, हे आजी-आजोबांनाही सांगून ठेवा.

मोबाइल डेटापुढे राउटरचं काही चालत नाही. त्यासाठी फॅमिली लिंकमधला डाउनटाइम, म्हणजे फोन बंद ठेवायची ठरावीक वेळ, लावा, तो नेट नव्हे तर फोनच लॉक करतो. यूट्यूबची मर्यादाही फक्त अॅपला लागते. तेच यूट्यूब क्रोममध्ये उघडलं की तो वेळ त्यात धरला जात नाही. क्रोमलाही मर्यादा घाला आणि दुसरा ब्राउझर मंजूर करू नका, कारण फॅमिली लिंकची संकेतस्थळांची गाळणी क्रोमपुरतीच असते. कपाटातला जुना फोन सिमशिवायही वायफायवर मजेत चालतो, तोही तपासा.

प्रतिसाद २

वरचं सगळं करा, पण १०:३० ही वेळ त्याच्याशी बोलून ठरली आहे का? मित्रांबरोबर खेळायचे ऑनलाइन गेम मध्येच थांबवता येत नाहीत. डाव अर्ध्यावर तुटला तर रँक घसरते, काही गेममध्ये थोड्या वेळासाठी बंदी येते, आणि टीममधले मित्र बोलणी घालतात ते वेगळंच. मुलं चिडतात ती बहुतेक वेळा याला. तो खेळत असेल तर एक डाव किती मिनिटांचा असतो ते त्यालाच विचारा. २५ मिनिटांचा असेल तर शेवटचा डाव साडेनऊनंतर सुरू करायचा नाही, असा नियम करा. स्नॅपचॅटच्या स्ट्रीकचंही (सलग किती दिवस एकमेकांना स्नॅप पाठवले त्याची मोजणी) तसंच: दोघांनी २४ तासांत एकेक स्नॅप पाठवला की ती टिकते, ते काम संध्याकाळी उरकता येतं.

१३ ते १८ वयाला रात्री ८ ते १० तास झोप लागते. ६ला उठायचं तर १०ला आडवं व्हायलाच हवं. फोन सगळ्यांचेच बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा, तुमचेसुद्धा. अलार्मसाठी साधं गजराचं घड्याळ आणा, म्हणजे ती सबब राहत नाही.

प्रतिसाद ३

गुप्त अॅप अजिबात टाकू नका, हे कळकळीने सांगते. असली अॅप्स अॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात (तिने स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं), बरीचशी प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक अॅप्स पकडणारी गूगलची तपासणी, बंद करायला लावतात, आणि तुमच्या मुलाचेच नव्हे तर त्याच्या मित्रमैत्रिणींचेही मेसेज, फोटो कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर जातात. मुलाला ते कळतंच. मग दुसरं खातं निघतं आणि तो तुम्हाला काही सांगेनासा होतो.

इन्स्टाग्रामचं टीन अकाउंट (१८ खालच्यांसाठीचं जास्त बंधनांचं खातं) आणि त्याचं पालक-पर्यवेक्षण उघडपणे, त्याच्यासमोर बसून लावा. गेल्या ७ दिवसांत त्याने कुणाला मेसेज केले ते दिसतं, मजकूर दिसत नाही. तेवढं पुरे. रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन आपोआप गप्प होतात. मात्र आधी जन्मतारीख तपासा: वय १८च्या वर टाकलेलं असेल तर यातलं काहीच लागू होत नाही.

आणि एक गोष्ट आजच सांगा: काहीही झालं आणि तू येऊन सांगितलंस, तर फोन काढून घेणार नाही. फोटो पसरवीन म्हणून कुणी धमकावलं तर मुलं गप्प राहतात ती याच भीतीने. तशी वेळ आलीच तर पैसे देऊ नका, दिले की मागणी वाढते. चॅट किंवा खातं डिलीट करू नका. धमकी, समोरच्याचं युजरनेम, प्रोफाइलची लिंक, पैसे मागितलेलं खातं यांचे स्क्रीनशॉट घ्या, मग रिपोर्ट, मग ब्लॉक, आणि पोलिसांत तक्रार. १८ खालच्यांचे असे खासगी फोटो ऑनलाइन पसरू नयेत यासाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. ती फोटोचा डिजिटल ठसा (फोटो ओळखायचा कोड) फोनवरच बनवते, फोटो कुठेही पाठवावा लागत नाही.

धागाकर्ती

सर्वांचे आभार. गेस्ट नेटवर्क सुरू केलं, पण आता त्याच्या फोनवरून प्रिंटर दिसत नाही. प्रोजेक्टचे प्रिंट कसे काढायचे?

प्रतिसाद १

गेस्ट नेटवर्क घरातल्या बाकीच्या उपकरणांपासून तोडलेलं असतं, म्हणून. राउटरमध्ये गेस्टना स्थानिक नेटवर्क वापरू देण्याचा पर्याय असेल तर तो चालू करा. पण मग अॅडमिनचा पासवर्ड बदलला आहे ना, ते आधी बघा, कारण राउटरचं सेटिंगचं पानही त्याला उघडता येईल. पर्याय नसेल तर फाइल तुमच्या फोनवर मागवून तिथून प्रिंट द्या.