फ्लूची लस आणि रुग्णालयातली माणसं: 'नको' कुठून येतं? (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी,

पावसाळ्याच्या तोंडावर फ्लूच्या लशीची खोकी येऊन पडतात आणि दंड पुढे करायला रुग्णालयातलीच माणसं कां-कू करतात, हे दर वर्षीचं आहे. जागतिक आरोग्य संघटना आरोग्य कर्मचाऱ्यांना प्राधान्य गटात धरते, आपल्या केंद्र सरकारच्या सूचनाही तेच सांगतात. मग गाडी अडते कुठे?

हे काम प्रत्यक्ष करणाऱ्यांनी लिहावं म्हणून हा धागा. विनंती एकच: 'जागृतीचा अभाव' एवढ्यावर थांबू नका. किती मिली, किती अंश, किती वाजता, कुठल्या यादीतून, आणि काय फसतं, ते लिहा. स्वतःच्या तापाच्या कहाण्या नकोत.

शीतपेटी

लससाठा सांभाळणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. बरेचसे 'नको' आमच्याच कपाटात तयार होतात.

आधी वेळ. महाराष्ट्रात फ्लूचा मोठा भर जुलै ते सप्टेंबर, आणि दुसरा लहान-मोठा जानेवारी ते मार्च. लस टोचल्यावर संरक्षण यायला दोन आठवडे लागतात. म्हणजे जूनअखेरपर्यंत टोचून मोकळं व्हायला हवं, मागणी त्याआधी दोन महिने जायला हवी. लशीत कोणते विषाणू घ्यायचे हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा सांगते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. खोक्यावर गोलार्ध आणि वर्ष छापलेलं असतं, ते वाचायची सवय लावा. आपल्या पावसाळ्याआधी हाताशी येणारी ताजी लस दक्षिण गोलार्धाची असते. प्रत्यक्षात होतं काय, तर हिवाळ्यात आणलेली उत्तरेची खोकी उरतात आणि मे महिन्यात 'साठा शिल्लक आहे, स्टाफने घेऊन टाका' अशी चिठ्ठी फिरते. सिस्टर खोक्यावरची तारीख बघतात, दोन महिने उरलेले दिसतात, आणि 'उरलासुरला माल आमच्या माथी' हा शब्द दुपारपर्यंत सगळ्या मजल्यांवर पोचतो. मुदतीच्या आतली लस कुचकामी नसते, पण ही समजूत पुसायला पुढचे दोन हंगाम जातात.

आता तापमान. २ ते ८ अंश. उष्णतेपेक्षा गोठण्याची भीती जास्त. गोठलेली फ्लूची लस वाया गेली, वितळवून वापरायची नाही. इथे एक मोठी चूक होते. धनुर्वात-घटसर्पाच्या लशींसाठी शिकवलेली 'शेक टेस्ट' (कुपी हलवून लस गोठली होती का ते बघणं) लोक फ्लूच्या लशीला लावतात. ती चाचणी ॲल्युमिनियमचा क्षार असलेल्या लशींपुरती आहे, आपल्याकडच्या नेहमीच्या फ्लूच्या लशीत तो नसतो. हलवून काही कळत नाही. गोठल्याचा संशय आला की बाजूला काढा.

भरलेल्या सिरिंजा बारीक असतात, पटकन गोठतात. व्हॅक्सीन कॅरियरमध्ये (लस न्यायच्या थंड पेटीत) फ्रीझरमधले दगडासारखे आइसपॅक तसेच टाकू नका. बाहेर टेबलावर ठेवा, हलवल्यावर आत पाण्याचा खळखळ आवाज आला की मगच भरा. सिरिंजा त्यांच्या खोक्यातच राहू द्या, उजेडापासूनही बचाव होतो. घरगुती फ्रिज असेल तर मधली फळी. दार नको, फ्रीझरखालची जागाही नको, आणि शेजारी खाण्यापिण्याचे डबे-बाटल्या तर नकोच नको.

मेट्रन (निवृत्त)

शीतपेटीताईंनी साठ्याचं लिहिलं, मी वाटपाचं लिहिते. 'स्टाफ येत नाही' ही तक्रार असते तिथे लसीकरणाची वेळ विचारा. ओपीडीजवळची एक खोली, ११ ते १. त्या वेळी वॉर्डात राउंड संपून औषधं, ड्रेसिंग, डिस्चार्ज यांची धांदल. नाइटवाली माणसं तेव्हा घरी झोपलेली. एका सिस्टरवर वीस-पंचवीस पेशंट असताना ती खाली चार मजले उतरून रांगेत कशी उभी राहील?

लस वॉर्डात गेली पाहिजे, ट्रॉलीवर, आणि शिफ्ट बदलताना. हँडओव्हरच्या वेळी जाणारी आणि येणारी, दोन्ही माणसं एकाच जागी सापडतात. रात्री आठचा फेरा चुकवू नका. ट्रॉलीवर काय हवं ते सांगते: कॅरियर, कापूस, सुयांचा पांढरा न भोसकणारा डबा, रजिस्टर, ब्लडप्रेशरचं यंत्र, आणि ॲड्रेनॅलिनच्या १ मिलीत १ मिलिग्रॅमच्या ॲम्प्यूल, सोबत १ मिलीची सिरिंज. मोठ्या माणसाला तीव्र ॲलर्जी आलीच तर ०.५ मिली मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. हे प्रसंग फार दुर्मीळ असतात, पण ॲम्प्यूल दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात असेल तर ट्रॉली पुढे ढकलूच नका. टोचल्यावर अर्धा तास ड्युटीरूममध्ये बसवायचं. वॉर्डात असल्यामुळे ते जमतं.

पहिली सुई इन्चार्ज सिस्टरला. 'मेट्रनने घेतली का?' हा प्रश्न पोस्टरपेक्षा भारी पडतो. आणि सगळ्या वॉर्डला एकाच दिवशी टोचू नका. अंग दुखून दोघी-तिघी दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत की ड्युटी लावणारी बाईच पुढच्या वर्षी मोहिमेच्या विरोधात जाते. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी टोचली तर हा प्रश्नच उरत नाही.

खांदेकरी

फिजिओथेरपीतून एक मुद्दा. साधी सूज-दुखी दोन दिवसांत जाते. पण सुई फार वर गेली तर औषध स्नायूत न जाता खांद्याच्या सांध्याजवळच्या पिशवीत जातं, ४८ तासांच्या आत दुखणं सुरू होतं आणि हात वर करणं महिनोन्‌महिने जड जातं. असा एक खांदा सगळ्या वॉर्डाला लशीपासून पळवून लावतो.

कारण बहुतेक वेळा बाहीचं असतं. गणवेशाची किंवा ब्लाउजची घट्ट बाही पुरती वर जात नाही, मग टोचणारी व्यक्ती गळ्याकडून कापड खाली ओढते. दंडाचा वरचा भागच तेवढा उघडा पडतो आणि सुई तिथेच जाते. टोचणारी उभी, घेणारा बसलेला, हेही दुसरं कारण. दोघांनी बसा. खांद्याचं हाडाचं टोक बोटाने चाचपा, त्याखाली दोन ते तीन बोटं सोडा, दंडाच्या मध्यभागी काटकोनात ०.५ मिली. २३ ते २५ गेज जाडीची, २५ मिलिमीटर लांबीची सुई बहुतेकांना पुरते. पडद्यामागे बाही काढायची सोय ठेवली की बायका कुरकुर न करता दंड पूर्ण मोकळा करतात. एवढासा पडदा, पण कुणी मागत नाही.

पाचवा मजला

मामा-मावशींबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

यादी आस्थापना विभागातून येते, म्हणजे पगारपत्रकावरून. सफाईवाले, वॉर्डबॉय, आयाबाई, सुरक्षारक्षक, किचनवाले, ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर ठेकेदाराच्या पगारावर. ते यादीत नाहीतच. रुग्णाला धरून बसवणारी मावशी, थुंकीचं भांडं उचलणारा मामा, स्ट्रेचर ढकलणारा पोरगा यांचं तोंड रुग्णापासून हातभर अंतरावर असतं, तपासून जाणाऱ्या मोठ्या डॉक्टरांपेक्षा कितीतरी जास्त वेळ. यादी ड्युटी रोस्टर आणि गेटवरच्या हजेरीवरून करा, ठेकेदाराच्या सुपरवायझरला समोर बसवून.

त्यांचं 'नको' वेगळं असतं. सिस्टर म्हणते, 'मला काही होत नाही.' मावशी म्हणते, 'उद्या अंग मोडून आलं तर खाडा कोण भरून देणार?' याला उत्तर माहितीपत्रकात नसतं. दुसऱ्या दिवशीचा खाडा कापणार नाही असं ठेकेदाराकडून लिहून घ्या आणि ती चिठ्ठी हजेरीच्या टेबलावर चिकटवा. दुसरी शंका: 'फुकट का देताहेत?' बाहेर या लशीला दीड-दोन हजार मोजावे लागतात हे सांगितलं की उलटाच संशय वाढतो. त्यापेक्षा तीच सुई, त्याच खोक्यातली, आधी डीनसाहेबांना टोचलेली त्यांना दिसू द्या.

ओपीडी क्र. १२

डॉक्टर मंडळींचं सांगतो. आमचा नकार सर्वांत सुशिक्षित आणि म्हणून सर्वांत चिवट.

'लस घेतली तरी फ्लू झाला.' झाला असेल. टोचायची लस निष्क्रिय विषाणूची असते, तिने फ्लू होऊ शकत नाही. पण पावसाळ्यात इतर डझनभर विषाणू हिंडत असतात, शिवाय पहिले दोन आठवडे संरक्षण नसतं. आणि जुळणी चांगली असलेल्या हंगामातही ही लस डॉक्टरकडे जावं लागेल अशा फ्लूचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. हा आकडा लपवणारे पदाधिकारी मोहिमेचं सर्वाधिक नुकसान करतात. पोस्टरवर 'संपूर्ण संरक्षण' लिहिलं की पहिल्या शिंकेला विश्वास गेला.

'रुग्ण वाचतात याचा पुरावा काय?' प्रश्न रास्त आहे. १९९० च्या दशकात ग्लासगोत वृद्धांच्या दीर्घकालीन रुग्णालयांत चाचण्या झाल्या. जिथे कर्मचाऱ्यांना लस दिली तिथे वृद्धांचे मृत्यू कमी दिसले. पुढे अभ्यासकांनी त्यांच्या पद्धतीवर बोट ठेवलं आणि हा पुरावा कच्चा ठरवला. म्हणून रेसिडेंटांसमोर (निवासी डॉक्टरांसमोर) 'तुमच्यामुळे रुग्ण मरतात' असला सूर लावू नये. लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून आपण विषाणू सोडत असतो, आणि ताप अंगावर काढून ड्युटी करायची आपली रीत आहे. लस स्वतःचा धोका नक्की कमी करते, रुग्णाचा बहुधा करते. एवढं खरं बोललं तरी पुरतं.

गियाँ-बारे (हातपाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा दुर्मीळ आजार): १९७६ च्या अमेरिकेतल्या स्वाइन फ्लू लशीने सुमारे लाखात एक जादा रुग्ण दिसला. आताच्या लशींत धोका असलाच तर दहा लाखांत एक-दोन. मागच्या फ्लू लशीनंतर सहा आठवड्यांत हा आजार झाला असेल तर थांबून विचार करायचा. अंड्याची ॲलर्जी आता आडकाठी मानत नाहीत. गरोदर सिस्टरला निष्क्रिय लस कोणत्याही महिन्यात चालते, नाकातली जिवंत लस चालत नाही.

पुण्याच्या जुन्या मंडळींचा एक पदर वेगळा आहे. भारतातला स्वाइन फ्लूचा पहिला नोंदलेला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात झाला. तेव्हा लस नव्हती, मास्कसाठी रांगा होत्या. २०१० मध्ये आयात लस आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आली, पाठोपाठ देशी टोचायची लस आली आणि पुण्यातच सीरम इन्स्टिट्यूटने नाकातली काढली. पण तोवर भीती ओसरली होती. लाट उलटून गेल्यावर आलेली लस 'आता कशाला?' या दोन शब्दांत पडते. शीतपेटींचं जूनअखेरचं गणित म्हणूनच महत्त्वाचं.

टेम्सकाठची सिस्टर

इथे इंग्लंडमध्ये वॉर्डातल्याच नर्सना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून सहकाऱ्यांना टोचून घेतात. चहाच्या सुट्टीत, ओळखीच्या हाताने. २०२०-२१ च्या हंगामात थेट रुग्णसेवेतल्या सुमारे ७७ टक्के लोकांनी लस घेतली. २०२३-२४ ला तेच प्रमाण ४३ च्या आसपास आलं. ट्रॉली तीच, बिल्ले-स्टिकर तेच. कोविडमध्ये नोकरीवर गदा येईल अशी जी सक्ती आली आणि मग मागे घेतली गेली, तिचा कडवटपणा फ्लूच्या सुईवर निघतो असं माझं मत. अमेरिकेत सिॲटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००५ मध्ये सक्ती केली आणि प्रमाण ९७ टक्क्यांच्या वर नेलं, हेही खरं. पण कॅनडातल्या ओंटारिओत 'लस नाहीतर मास्क' हा नियम २०१५ मध्ये लवादापुढे टिकला नाही. सक्ती कागदावर चालते, पण तिच्या मागे पगारी आजारी रजा नसेल तर लोक आजारपण लपवायला शिकतात.

रजिस्टर

नकार-पत्राबद्दल. 'मी माझ्या जबाबदारीवर नाकारत आहे' अशी धमकीवजा सही घेऊ नका. नाव नसलेली चिठ्ठी, पाच चौकोन: वेळ मिळाला नाही, दुष्परिणामांची भीती, उपयोग वाटत नाही, सुईची भीती, वैद्यकीय कारण. वॉर्डनिहाय मोजा. पहिला चौकोन जास्त भरला असेल तर व्याख्यान ठेवू नका, ट्रॉलीची वेळ बदला.

वापरलेली सिरिंज सुईसकट पांढऱ्या डब्यात. टोपण परत लावायचं नाही.

नवशिका

आमच्याकडे यंदा कुजबुज आहे की मोठ्या साहेबांना 'चार-वाली' (चार विषाणूंची) लस आणि आम्हाला स्वस्तातली 'तीन-वाली'. काय उत्तर द्यावं?

शीतपेटी

@नवशिका, चार-वालीत बी गटाचे दोन विषाणू असतात, व्हिक्टोरिया आणि यामागाता. यामागाता मार्च २०२० नंतर जगात खात्रीशीर सापडलेलाच नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२३ पासून तो वगळायला सांगितलं. तीन-वालीत उरलेले तिन्ही, प्रत्येकी १५ मायक्रोग्रॅम, तेवढेच. कुजबुज थांबवायची तर साहेबांनाही त्याच खोक्यातली द्या आणि दोन्हीकडचे बॅच नंबर रजिस्टरात एकाखाली एक लिहा.