मुंबईची विमानं कमी का केली? दर वाढवून भागलं नसतं का?

डोंबिवलीकर: मंडळी, परवा जावयाला आणायला विमानतळावर गेलो होतो. मोबाईलवर बघतो तर त्याचं विमान पालघरच्या बाजूला लांबट गोल काढतंय, तेही चारदा. जावई म्हणतो, नेहमीचंच आहे. २०२४ मध्ये सरकारने ताशी विमानं कमी केली होती ना? आणि कमी कशाला करायची? गर्दीच्या वेळी दर चढे ठेवा, लोक आपसूक दुपारी येतील. आमच्या भाजीवाल्यालाही कळतं हे.

टॉवरवाला (निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक): भाजीवाल्याला एकाच जागेवर दोन हातगाड्या लावायच्या नसतात हो. मुंबईला धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना छेदणाऱ्या. म्हणजे एका वेळी एकच. फेब्रुवारी २०२४ मध्ये गर्दीच्या वेळची ताशी ४६ विमानं ४४ वर आणली, एरवीची ४४ ची ४२. दोनच! पण ४६ मध्ये श्वास घ्यायला जागा नव्हती. एकाने धावपट्टी सोडायला वीस सेकंद जास्त लावले की मागच्याला 'गो अराउंड', म्हणजे न उतरताच परत वर जा, मग त्याला परत रांगेत घुसवायचं कुठे? सरकारचाच हिशोब होता : ४० मिनिटं घिरट्या म्हणजे सुमारे १.७ किलोलिटर इंधन, १.८ लाख रुपये.

आता दर. उतरण्याचं शुल्क वजनावर असतं. खासगी जेट हलकं, म्हणून पैसे थोडे. पण जड विमानामागून ते आलं तर मधे जास्त अंतर ठेवावं लागतं, नाहीतर पुढच्याच्या हवेच्या भोवऱ्यात सापडेल. पैसे कमी, जागा जास्त! १९६८ मध्ये न्यूयॉर्कने लहान विमानांचं गर्दीच्या वेळचं किमान शुल्क ५ डॉलरचं २५ केलं, तेव्हा ती बरीच पांगली. तरी १९६९ मध्ये ताशी मर्यादा घालावीच लागली. आपल्याकडे जेटवाल्यांची बंदीच चार तासांची आठ तास केली. ज्याला पैशाचं काही वाटत नाही, त्याला दर काय अडवणार?

कोल्हापूरकर: काका, दर वाढले की पहिल्यांदा आमचंच विमान जाणार. तुमचा खर्च मोठ्या विमानात एकशेऐंशी जणांत वाटला जातो, आमच्यात सत्तरांत. छोटी शहरं विमानाने जोडायच्या सरकारी 'उडान' योजनेच्या सुरुवातीलाही मुंबईचा स्लॉट, म्हणजे उतरायची-उडायची ठरलेली वेळ, मिळेना म्हणून आम्ही ताटकळलोच की.

टॉवरवाला (निवृत्त): खरंय. म्हणून स्लॉटचा लिलाव मला पटत नाही. पण तुमचं विमान धावपट्टी मोठ्याइतकीच अडवतं, हेही टॉवरमधून दिसायचं.

डोंबिवलीकर: आत्ताच जावयाला विचारलं, सकाळचं तिकीट दुप्पट झालं तर दुपारी येशील का? म्हणाला, "मला काय, कंपनी देते."