शहीद द्वीपवर मुक्काम हवाच

अंदमानातल्या शहीद द्वीपवर (म्हणजे जुनं नील बेट) मुक्काम कशाला, किनाऱ्यावरची नैसर्गिक दगडी कमान अर्ध्या तासात बघून होते, असं कुणी कुणी म्हणतं. ओहोटी असेल तर होते. आम्ही परभणीकडची माणसं, भरती-ओहोटी भूगोलाच्या पुस्तकातली. डिसेंबरात दुपारी आरामात जेवून निघालो, तर कमानीकडं जायची वाटच पाण्याखाली! टपरीवरचा नारळपाणीवाला म्हणाला, उद्या सकाळी या. संध्याकाळ होईल तेव्हा बघू म्हणावं, तर तिकडं पाचलाच सूर्य बुडतो. घड्याळ आपलंच, पण बेट कितीतरी पूर्वेला.

दुसऱ्या दिवशी मात्र पाणी हटलेलं. टोकदार खडकांतून, शेवाळावरून तोल सांभाळत गेलो (साध्या चपलेवर जाऊ नका, पट्ट्याची सँडल घाला). खडकातल्या डबक्यांत निळे मासे, अन् काळ्या दोडक्यासारखा एक जीव निवांत पडलेला. समुद्रकाकडी म्हणे. कमानीपेक्षा आमची आई त्या डबक्यांपाशीच जास्त रमली.

तिकिटं काढण्याआधी घरातलं कॅलेंडर उघडा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात जास्त आत हटतं, अष्टमीच्या सुमारास कमी. ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढं सरकते, म्हणून नेमकी वेळ आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला विचारा. अन् पोरांना सांगून ठेवा, प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा खिशात टाकायचा नाही, विमानतळावर सामान तपासतात.