पुरुमेताचं मीठ आणि दहावीचा प्रश्न

ए-३०२ वहिनी: कोणी सायन्सवालं आहे का ग्रुपवर? लेक दहावीत आहे. विचारते, सोडियम पाण्यात टाकलं की पेट घेतं, क्लोरीन विषारी, मग या दोघांचं बनलेलं मीठ हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत, विरघळलं की दोन्ही पुन्हा सुटी होत नाहीत का? मला उत्तर देता येईना.

बी-१०१ सर: वहिनी, फार चांगलं विचारलंय पोरीने. सुटी होतात, पण धातू आणि वायू म्हणून नव्हे. सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन: २, ८, १. क्लोरीनच्या १७: २, ८, ७. सोडियम कडेचा एकटा इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीन घेतो. दोघांचंही बाहेरचं कवच आठांचं होतं. एक धन, एक ऋण, म्हणून घट्ट धरून राहतात.

अणूच्या मधोमध असलेलं केंद्रक मोहरीएवढं मानलं तर अणू शंभरएक मीटर रुंद होईल. ही देवघेव सगळी कडेला चालते, केंद्रकाला धक्का लागत नाही.

आता खरी गोष्ट. पाण्यात पकड सुटते, पण दिलेला इलेक्ट्रॉन परत येत नाही. सोडियम पाण्यात भडकतं ते तोच इलेक्ट्रॉन पाण्याला देताना. हुमणातल्या सोडियमने तो आधीच क्लोरीनला दिलेला असतो.

सी-२०३ भाई: सर, आमचं मूळ घर गोव्यात पेडण्याला, आगरवाड्यात. मिठागरातही हेच का?

बी-१०१ सर: तिथे तर देवघेव होतच नाही भाई. समुद्राच्या पाण्यात दोन्ही आयन (इलेक्ट्रॉन दिलेला सोडियम आणि घेतलेला क्लोरीन, म्हणजे क्लोराइड) आधीपासूनच वेगळे, भोवती पाण्याच्या रेणूंचा गराडा. उन्हाने पाणी आटलं की ते एकाआड एक बसत जातात. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. पुस्तकातल्या चित्रामुळे मुलांना एकास एक जोडी वाटते, ते चुकीचं आहे.

ए-३०२ वहिनी: पुरुमेताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवलेलं, जाडं मीठ आत्ताच भिंगातून पाहिलं आम्ही. खडे खरंच चौकोनी! एकावर पायऱ्या पायऱ्या आहेत.

बी-१०१ सर: वा! आतली मांडणीच बाहेर दिसतेय ती.

ए-३०२ वहिनी: आणि साखर?

बी-१०१ सर: साखरेतले अणू इलेक्ट्रॉन भागीत वापरतात, सहसंयुज बंध. पाण्यात तिचे रेणू अख्खेच पसरतात, म्हणून त्या पाण्यातून वीज जवळजवळ जात नाही. मिठाच्या पाण्यातून जाते. संध्याकाळी या, बॅटरी लावून दाखवतो. तिथे मात्र क्लोराइडकडून इलेक्ट्रॉन काढून घेतला जातो आणि थोडा क्लोरीन वायू सुटतो, त्यामुळे खिडकी उघडी ठेवून करू. तिला एकटीला करू देऊ नका.

ए-३०२ वहिनी: साडेपाचला येतो. मीठ आमचं.