मदत हवी आहे : नवीन ग्राफिक्स कार्ड टाकूनही रेंडर तेवढाच वेळ खातोय

भिंतीपलीकडे
कार्ड नवीन टाकलंय. ब्लेंडरमध्ये (त्रिमितीय चित्रं बनवायचा प्रोग्रॅम) बाल्कनी असलेल्या खोलीची चित्रफीत करतोय. रेंडर करताना, म्हणजे पक्कं चित्र काढताना, एक फ्रेम आधी ४२ मिनिटं घेत होती, आता ४१ घेते. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा (कार्डाच्या चिपचा) वापर ३ टक्के. दुकानदार म्हणतो कार्ड ठीक आहे. कार्ड खराब आहे हे त्याला पटवायचं कसं? सोमवारी सकाळी काम द्यायचंय, कृपया लवकर सांगा.

वॉटमोजणी
पॉवर सप्लाय किती वॉटचा? बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं. ६५०च्या खाली असेल तर आधी तो बदला.

ठिपकेवाला
कार्ड कोणतं, प्रोसेसर कोणता, ब्लेंडरची आवृत्ती कोणती, रेंडरचं इंजिन सायकल्स की ईव्ही, प्रेफरन्सेसमध्ये काय निवडलंय? यातलं एकही न सांगता 'कार्ड खराब' कसं ठरवलंत?

फुंकणी
केबिनेट उघडून धूळ काढा. पंखा बोटाने धरून मगच हवा मारा, नाहीतर तो फिरून बेअरिंग जातं.

भिंतीपलीकडे
नव्या कार्डावर धूळ कुठून येणार? कार्ड आरटीएक्स ४०६०, प्रोसेसर आय५ १०४००, रॅम ३२ जीबी. सायकल्सच आहे. प्रेफरन्सेसमध्ये ऑप्टिक्स (एनव्हिडिया कार्डावर रेंडर करायची पद्धत) निवडून कार्डावर टिक केली आहे. म्हणजे सगळं बरोबर आहे.

ठिपकेवाला
बरोबर अर्धंच आहे. प्रेफरन्सेसमधली टिक फक्त 'हे कार्ड वापरायला हरकत नाही' एवढंच सांगते. ते खरोखर वापरायचं की नाही, हे प्रत्येक फाइलमध्ये वेगळं ठरतं. रेंडर प्रॉपर्टीजमध्ये सगळ्यात वर, इंजिनाच्या खाली, 'डिव्हाइस' आहे. तिथे सीपीयू (प्रोसेसर) असेल, ते जीपीयू कॉम्प्युट करा. जुन्या मशीनवर सुरू केलेली फाइल असेल तर तिथे हमखास सीपीयूच असतं. प्रेफरन्सेसच्या यादीत प्रोसेसरवरही टिक असेल तर ती काढा.

आणि टास्क मॅनेजरचा ३ टक्क्यांचा आकडा सोडून द्या. तिथे आपोआप दिसतो तो '३डी'चा आलेख. सायकल्सची आकडेमोड त्यात येत नाही. आलेखाच्या नावावर टिचकी मारून 'कुडा' (कार्डावरची आकडेमोड) निवडावं लागतं, आणि विंडोजमध्ये हार्डवेअर शेड्युलिंग चालू असेल तर तो पर्यायच गायब होतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये एनव्हिडिया-एसएमआय (nvidia-smi) चालवा. मेमरी, टक्के आणि वॉट तिन्ही एका जागी दिसतात.

वॉटमोजणी
तरीही पॉवर सप्लाय बघाच.

ठिपकेवाला
४०६० पूर्ण जोरात ११५ वॉट घेतं. त्यातले ७५ पर्यंत स्लॉटच देऊ शकतो, वरची एक ८ पिनांची केबल १५० पर्यंत. १०४०० हा ६५ वॉटचा. धड असलेला ४५० वॉटचा सप्लाय पुरतो. शिवाय सप्लाय कमी पडला तर मशीन बंद पडतं, निमूटपणे ४१ मिनिटं रेंडर करत बसत नाही.

पडदानशीन
मॉनिटरची केबल मदरबोर्डाला लावलेली असणार. ती कार्डाला लावा, सगळं सुरळीत होईल.

ठिपकेवाला
खेळांसाठी खरं, इथे उलट. १०४००मध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे. मॉनिटर मदरबोर्डालाच लावला तर विंडोज आणि ब्राउझर कार्डातली जी काहीशे एमबी मेमरी अडवतात ती मोकळी होते. ८ जीबीच्या कार्डावर तीही मोलाची. प्रोसेसरच्या नावात शेवटी 'एफ' असेल तर मात्र हा मार्ग बंद.

भिंतीपलीकडे
डिव्हाइस सीपीयूवरच होतं. बदललं. रिकामी खोली ३ मिनिटांत झाली!! पण बाल्कनीतली झाडं चालू केली की ३८ मिनिटं. म्हणजे कार्ड तापून मंदावतंय ना? एसएमआयमध्ये ९९ टक्के, ४१ वॉट, ७.८ जीबी दिसतंय.

ठिपकेवाला
तापलेलं कार्ड ४१ वॉट घेत नाही. ९९ टक्क्यांचा अर्थ 'कार्डावर काहीतरी चालू आहे' एवढाच, त्यात काम किती उरकलं हे कळत नाही. टक्के शंभराच्या जवळ आणि वॉट निम्म्याहून कमी, म्हणजे कार्ड हात बांधून बसलंय, माल यायची वाट बघतंय. मेमरी भरली आणि उरलेला माल साध्या रॅममध्ये गेला. टास्क मॅनेजरमध्ये 'शेअर्ड जीपीयू मेमरी' बघा, तीही वाढलेली असणार.

जीपीयू म्हणजे पंगत समजा. या कार्डात ३०७२ गणक आहेत, १२८ चा एक असे २४ गट. काम ३२-३२ च्या पंगतीत चालतं आणि एका पंगतीला एका वेळी एकच पदार्थ वाढला जातो. निम्म्यांना जिलबी आणि निम्म्यांना श्रीखंड हवं असेल तर वाढपी दोनदा फिरतो आणि उरलेले तोवर बसून राहतात. एका पंगतीचा माल यायचा असला की गट लगेच दुसरी पंगत चालवतो. प्रत्येक गटाकडे अशा ४८ पर्यंत पंगती तयार असतात, म्हणून मेमरीचा उशीर एरवी जाणवत नाही. पण हे कोठी शेजारी असेपर्यंत. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला २७२ जीबी देते. रॅममधला माल पीसीआय एक्सप्रेसवरून, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्डामधल्या रस्त्याने, येतो. ४०६०ला तिथे ८ च लेन आहेत, आणि १०४००चं पीसीआय एक्सप्रेस तिसऱ्या पिढीचं, म्हणजे सेकंदाला ८ जीबीलाही थोडं कमीच. चौतीसपट फरक. मग ४८ च्या ४८ पंगती पानं मांडून बसतात.

बाराजीबी
म्हणूनच ३०६० घ्यायला हवं होतं. १२ जीबी मेमरी, १९२ बिटांचा मार्ग, सेकंदाला ३६० जीबी. नवीन आकडा बघून लोक ८ जीबी उचलतात.

पडदानशीन
४०६०ला २४ एमबी एल२ कॅश (चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी) आहे, ३०६०ला ३. किरण मोजणारे भागही नव्या पिढीचे. सीन मावला की ४०६० पुढे जातं.

बाराजीबी
'मावला की'! न मावल्याचाच तर धागा आहे.

हिशेबनीस
धागाकर्ते, मटेरियल (पृष्ठभागांचे प्रकार) किती, प्रत्येकाला टेक्स्चरची चित्रं किती आणि केवढी? झाडं कशी कॉपी केलीत?

भिंतीपलीकडे
२२ मटेरियल, प्रत्येकी ४ चित्रं, सगळी ४के. पण टेक्स्चरचा फोल्डर फक्त ३८० एमबी आहे, त्याने ८ जीबी कसे भरतील? एचडीआर (बाहेरचं आकाश आणि उजेड देणारं चित्र) ८केचं. झाडं शिफ्ट+डीने १४.

हिशेबनीस
३८० एमबी हे डिस्कवरचं, जेपीजी दाबलेलं असताना. कार्डावर ते उलगडतं. ४०९६ × ४०९६ × ४ बाइट = ६४ एमबी, एका चित्राचे. ८८ चित्रं = ५६३२ एमबी. एचडीआर ८१९२ × ४०९६ × १६ बाइट = ५१२ एमबी. झालेच ६ जीबी, अजून एक पानही लागलेलं नाही.

१) रेंडर प्रॉपर्टीजमध्ये सिम्प्लिफाय चालू करून रेंडरखाली टेक्स्चर लिमिट २०४८. तीच ८८ चित्रं १४०८ एमबीत बसतात. पण हे लिमिट एचडीआरलाही लागतं, बाल्कनीबाहेरचं आकाश धुरकट होईल.
२) रफनेसची (खरखरीतपणाची) चित्रं रंगीत म्हणून साठवलेली असतात. करड्या एकाच चॅनलमध्ये साठवली की चौथा हिस्सा.
३) शिफ्ट+डी प्रत्येक झाडाची जाळी नव्याने ठेवतं. ऑल्ट+डी करा, मग सगळी झाडं एकच जाळी वापरतात. मात्र झाडावर सबडिव्हिजनसारखा मॉडिफायर (आकार आपोआप बदलणारी पायरी) असेल तर ऑल्ट+डीनेही प्रत येतेच. आधी मॉडिफायर अप्लाय करा, किंवा झाडाचं कलेक्शन करून त्याचे इन्स्टन्स टाका.

वॉटमोजणी
एवढं कशाला? ड्रायव्हरच्या कंट्रोल पॅनलमध्ये 'सिसमेम फॉलबॅक' बंद करा, रॅममध्ये जाणारच नाही.

ठिपकेवाला
सायकल्स स्वतःही टेक्स्चर रॅममध्ये हलवतं, ड्रायव्हरला न विचारता. आणि जे हलवता येत नाही त्यावर 'मेमरी संपली' म्हणून रेंडर थांबेल. सोमवारच्या कामात हा प्रयोग नको.

भिंतीपलीकडे
१ आणि ३ केलं. साडेचार मिनिटं! ७५० फ्रेम आहेत. लावून टाकू?

हिशेबनीस
७५० × ४.५ = ३३७५ मिनिटं, म्हणजे ५६ तास. आज शुक्रवार संध्याकाळ. मध्ये एकदा वीज गेली की संपलं. सॅम्पल्स (दर पिक्सेलला किती वेळा किरण मोजायचे) किती ठेवलेत?

भिंतीपलीकडे
जे होते तेच, ४०९६.

ठिपकेवाला
तो ब्लेंडरचा मुळातला आकडा आहे, कोणी पाळावा म्हणून नाही. ४०० करा, नॉइज थ्रेशोल्ड (किती दाणे चालतील ती मर्यादा) ०.०३, डीनॉइज (दाणे पुसणं) चालू. १० फ्रेम सलग काढून पळवून बघा. पानांवर आणि कोपऱ्यांत डाग थरथरले तर सॅम्पल्स ६००. मेमरी आता मोकळी आहे तर 'पर्सिस्टंट डेटा' चालू करा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सीन नव्याने चढवावा लागत नाही. आणि आउटपुट पीएनजी. थेट एमपी४ काढलात आणि मध्येच मशीन पडलं तर फाइल उघडणारही नाही.

चौकस_चकोर
अवांतर : याच कार्डावर भाषेचं मॉडेल घरी चालवता येतं का?

हिशेबनीस
७ अब्ज पॅरामीटर × २ बाइट = १४ जीबी, मावणार नाही. ४ बिटांत दाबलेलं ३.५ जीबीच्या थोडं वर जातं, तेवढं चालेल. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा.

बाराजीबी
१२ जीबी असते तर...

भिंतीपलीकडे
फ्रेमला १०० सेकंद आले, म्हणजे साधारण २१ तास. रात्रभर लावलं होतं. पण बाल्कनी दिसते तिथे, फ्रेम १८० ते २६०, आकाश एकदम धुरकट आलंय. हे कशामुळे? कोणी सांगितलं का नाही आधी?

हिशेबनीस
मुद्दा १, शेवटचं वाक्य.

ठिपकेवाला
सगळं परत काढू नका. आधी रेंडर थांबवा. टेक्स्चर लिमिट काढा, त्याऐवजी कॅमेऱ्यापासून लांब असलेल्या १५-१६ मटेरियलची चित्रं इमेज एडिटरमध्ये २०४८ची करून वेगळ्या नावाने साठवा आणि तीच जोडा. एसएमआयवर आकडा ७ जीबीच्या आत आहे ना ते बघा. मग १८० ते २६० या पीएनजी पुसा, आउटपुटमध्ये 'ओव्हरराइट'ची टिक काढा आणि पूर्ण रेंडर पुन्हा लावा. ज्या फाइल आहेत त्या सोडून फक्त नसलेल्या काढतो. १७९ आणि १८० शेजारी ठेवून उजेड जुळतो का ते आधी तपासा, कारण एचडीआर बदलला की प्रकाशही किंचित हलतो.

फुंकणी
२१ तास चालणार असेल तर धूळ काढलेली बरी.