सैन्यात गेलेले, परत न आलेले आपले लोक: तुमच्या घरी, तुमच्या चर्चमध्ये त्यांचं स्मरण कसं होतं? (अनुभव धागा)

15 ऑगस्टला आपल्याकडे एकाच सकाळी दोन गोष्टी येतात, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि स्वातंत्र्यदिन. वसईत आमच्या धर्मग्रामात (म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत) आधी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मग शाळेच्या मैदानात झेंडावंदन. पाऊस असतोच. झेंड्यात बांधलेल्या पाकळ्या भिजून त्यांचा गोळाच खाली पडतो, तरी पोरं टाळ्या वाजवतात. यंदा प्रार्थनेत फादरांनी देशासाठी पडलेल्या जवानांचं स्मरण केलं. मिस्सा सुटल्यावर एक म्हाताऱ्या बाई त्यांना म्हणाल्या, "फादर, नावं घ्यायला हवी होती."

मला ते फार पटलं. "आपल्या मित्रांकरता आपला प्राण द्यावा ह्यापेक्षा कोणाची प्रीती मोठी नाही" (योहान 15:13) हे वचन अशा प्रत्येक कार्यक्रमात वाचलं जातं. वाचून झाल्यावर आपण काय करतो, हे मला कळून घ्यायचं आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या सगळ्यांनी लिहा. ख्रिस्ती नसाल तरी लिहा. राजकारण नको, अनुभव हवेत.

अर्नाळ्याहून

माझ्या आईचे काका नौदलात होते, 'खुकरी' या युद्धनौकेवर. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने ती बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांना निघता आलं असतं, ते जहाज सोडून निघाले नाहीत. एवढं सगळ्यांना माहीत असतं. घरात त्याचं काय होतं ते मी सांगते.

2 नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सगळं गाव दफनभूमीत असतं. आदल्या दिवशी गवत काढायचं, कबर धुवायची, झेंडूच्या माळा, मेणबत्त्या. प्रत्येकाला आपापली जागा असते. माझ्या पणजीला, म्हणजे त्या काकांच्या आईला, जागाच नव्हती. बाकीच्या बायका आपल्या माणसांशी बोलत बसायच्या आणि ही मधल्या मोठ्या क्रुसाच्या पायथ्याशी मेणबत्ती लावून उभी राहायची. वारा आला की विझायची, की पुन्हा लावायची. ती आमच्याशी मुलाबद्दल कधी बोलली नाही. पण मासे घ्यायला बंदरावर जायची नाही, त्या घरात मासळी नेहमी दुसऱ्या कोणीतरी आणली.

प्रकटीकरणाच्या पुस्तकात शेवटच्या न्यायाच्या वेळी समुद्र आपल्यातली मृत माणसं परत देतो असं लिहिलं आहे. एका जुन्या फादरांनी तिला ते वाचून दाखवलं होतं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ते पान कुठलं हे तिला माहीत होतं. तिथे तिने नारळाच्या हिराची काडी घालून ठेवली होती. पणजी गेल्यावर आम्ही तिच्या कबरीच्या दगडावर तिच्या नावाखाली त्यांचंही नाव कोरलं, 'दीवच्या समुद्रात' असं लिहून. आता मेणबत्त्या दोन लागतात. दीवला समुद्रकाठी 'खुकरी'चं स्मारक आहे, काचेत जहाजाची प्रतिकृती ठेवली आहे. जमलं तर एकदा जाऊन या.

निर्मळहून, निवृत्त हवालदार

थोडक्यात लिहितो. युनिटमध्ये मी एकटा ख्रिस्ती होतो. माझा जोडीदार जवान गेला तेव्हा पंडितजींनी विधी केले, आम्ही शोकशस्त्र केलं, बिगुल वाजला, पेटी विमानात चढवली. मी मनात 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हटलं. त्याच्यासाठी दुसरं काही येतच नव्हतं मला. आजही दर वर्षी त्याच्या तारखेला माझ्या धर्मग्रामात फादरांना त्याच्यासाठी मिस्सा करायला सांगतो. तो हिंदू होता, फादरांनी कधी नाही म्हटलं नाही.

आणखी एक. 1999 ला कारगिलमध्ये पलीकडच्या बऱ्याच जवानांची प्रेतं त्यांच्या सैन्याने घेतली नाहीत, तेव्हा आपल्या लष्कराने मौलवीकडून नमाज पढवून त्यांचं दफन केलं. शत्रूवर प्रीती करा हे चर्चमध्ये ऐकायला सोपं आहे. ज्यांचे मित्र आदल्या दिवशी मेले होते त्यांनी ते खड्डे खणले. मला आपल्या सैन्याचा सगळ्यात जास्त अभिमान त्या गोष्टीचा वाटतो.

आरोंद्याहून

आमच्या नात्यातली एक काकी आहे, तिचा एकुलता एक झिल सैन्यात होता, तो गेला. पेटीवरचा झेंडा घडी करून तिच्या हातात दिला तेव्हा ती एवढंच बोलली, "ह्यो मी खंय ठेवू?" शेवटी अल्तारात, देवमातेच्या मूर्तीच्या मागे ठेवला. पावसाळा सरला की काढून उन्हात घालते, कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला घालते, पुन्हा त्याच घड्या घालून ठेवते. मी एकदा मदत करायला गेले तर घडी माझ्या हातून घेतली. त्या घड्या तिला पाठ आहेत.

आता रागाचं लिहिते. पहिल्या वर्षी सगळे आले. पुढारी आले, फोटो झाले. मग दर 15 ऑगस्टला तिला बोलावणं, खुर्ची, शाल आणि नारळ. कार्यक्रम सुटला की गाड्या निघून जातात आणि ती शाल डोक्यावर घेऊन पावसातून घरी चालत येते. शाली किती जमल्या असतील! पेन्शनच्या एका कागदासाठी तिला कित्येक खेपा घालायला लावल्या तेव्हा त्यातलं कोणी बरोबर नव्हतं. आमच्या वाड्यावरच्या चार बायका गेल्या. आता रविवारी मिस्सेनंतर आम्ही आळीपाळीने तिच्याकडे जेवतो, किंवा ती आमच्याकडे. यालाच मी स्मरण म्हणते.

आमच्या नदीच्या मुखाशी तेरेखोलचा किल्ला आहे, आत संत अंतोनीचं चर्च. 15 ऑगस्ट 1954 ला आल्फ्रेड आफोन्सो आणि त्यांचे साथी हातात शस्त्र न घेता, तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या त्या किल्ल्यावर शिरले आणि तिरंगा लावला. ख्रिस्ती माणसाचा स्वातंत्र्याशी काय संबंध, असं कोणी विचारलं तर मी त्या किल्ल्याकडे बोट दाखवते.

वेंगुर्ल्याहून

मी प्रॉटेस्टंट मंडळीतला आहे, म्हणून थोडा वेगळा सूर. मृतांसाठी प्रार्थना आम्ही करत नाही. मृतांबद्दल देवाचे आभार मानतो आणि जिवंतांसाठी प्रार्थना करतो. दुसरी खटकणारी गोष्ट, भाषणांत जवानाचं मरण आणि क्रुसावरचं मरण एकाच दमात घेतलं जातं. ख्रिस्ताने कोणाला मारलं नाही, आणि तो शत्रूंसाठीही मेला. जवानाचा त्याग मोठाच आहे. त्याला तारणारा बनवलं की तो माणूस राहत नाही, त्याची भीती, त्याचं घरी लिहिलेलं पत्र, सगळं पुसलं जातं.

आमच्याकडे स्वातंत्र्यदिनाच्या जवळच्या रविवारी गलतीकरांस पत्र 5:13 वाचतात. तुम्हाला स्वतंत्रतेकरता पाचारण झालं आहे, तर प्रीतीने एकमेकांचे दास व्हा. कोणाच्या तरी जिवावर मिळालेली मोकळीक स्वतःच्याच सोयीला वापरायची नाही, एवढं त्यातून मला कळतं. आरोंद्याच्या ताईंनी लिहिलंय तेच.

धागाकर्ती

वेंगुर्ल्याचे दादा, क्रुसाबद्दल तुमचं पटलं. प्रार्थनेबद्दल मात्र आमची बाजू सांगते. आमच्या बायबलमध्ये मक्काबींचं दुसरं पुस्तक आहे, तुमच्यात ते नाही. त्याच्या 12 व्या अध्यायात यहूदा मक्काबी हा यहुदी सेनापती लढाईत पडलेल्या आपल्या सैनिकांना पुरायला जातो, तर त्यांच्या अंगरख्याखाली मूर्तींचे ताईत सापडतात, नियमशास्त्राने मना केलेले. तो त्यांना टाकून देत नाही. वर्गणी जमवून त्यांच्या पापांसाठी अर्पण करायला यरुशलेमला पाठवतो. मृतांसाठी प्रार्थना करायला आमच्याकडे जो आधार देतात तो हाच, आणि ती माणसं सैनिक होती, चुकलेली होती. म्हणून मला जवान निर्दोष वीर असायला नको आहे. तो आपला होता, तेवढं बास.

दापोलीहून

मी ख्रिस्ती नाही. कॅम्प दापोलीच्या आसपास घरटी फौजेतला माणूस. कोकणातल्या काही गावांत पहिल्या महायुद्धाच्या पाट्या आहेत, इंग्रजीत: या गावातून इतके लोक 1914 ते 1919 च्या महायुद्धात गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. नुसते आकडे, नावं नाहीत. ते तर दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी मेले. त्यांना तुमच्या प्रार्थनेत जागा आहे का?

धागाकर्ती

आहे. तुमच्या गावातली नावं म्हाताऱ्या माणसांकडून मिळाली तर पाठवा, अर्नाळ्याच्या ताईंनीही पाठवा. फादरांशी बोलले आहे. 2 नोव्हेंबरच्या मिस्सेत यादी वाचणार आहोत. नाव, गाव, वर्ष माहीत असेल तर वर्ष. धर्म लिहायची गरज नाही.